गच्चीची किल्ली

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये उंच इमारती बांधणारे बिल्डर, त्यांचे आराखडे काढणारे आर्किटेक्ट, त्या आराखड्यांवर सही करणारे अधिकारी आणि इमारत उभी राहिल्यावर गच्चीच्या दाराची किल्ली ज्यांच्या घरात खिळ्याला अडकवलेली असते ते सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी, आपणा सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात राहते. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. माहेर साताऱ्याचं. आधी मागणं सांगते, मग त्यामागचं कारण.

आपल्या शहरात आता दहा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहताहेत. त्यांतल्या निदान काहींच्या गच्च्या दिवसातले ठरावीक तास सगळ्यांसाठी उघड्या असाव्यात. तिकीट नको, ओळख नको, ‘इथं कुणाकडे आलात’ हा प्रश्न नको. कुणीही यावं, लिफ्टनं वर जावं, आपलं गाव डोळे भरून बघावं आणि खाली यावं. एवढंच.

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला असं काही मागावं लागत नाही. अजिंक्यतारा शहराच्या उशाशीच उभा आहे. मी सहा-सात वर्षांची असताना वडिलांनी मला गडावर नेलं, तटाशी उभं केलं आणि म्हणाले, “आपलं घर शोध बघू.” मला सापडेना. सगळी कौलं सारखीच दिसत होती. मग त्यांनी सांगितलं, आधी राजवाडा शोध. सापडला? आता मंगळवार तळं. आता तिथून आपला रस्ता कुठल्या बाजूला जातो ते आठव. बोटानं रस्ता गिरवत गिरवत मी आमच्या परसातल्या शेवग्यापर्यंत पोचले तेव्हा झालेला आनंद अजून जसाच्या तसा आठवतो. नकाशा वाचायला मी तिथं शिकले. वर्गात शिकवलेला नकाशा नंतर आला.

लग्न होऊन सांगलीला आले आणि हे सुख गेलं. सांगलीला डोंगर नाही. कृष्णेनं हजारो वर्षं गाळ आणून टाकला, त्या काळ्या सपाट जमिनीवर आपण राहतो. इथलं पीकपाणी, इथली हळद, इथला ऊस सगळं त्या सपाटीच्या जिवावर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सपाट गावातल्या माणसाला आपलं गाव कधीच सबंध दिसत नाही. त्याला फक्त आपली गल्ली दिसते, फार तर चौक.

शिकवायला लागल्यावर हे फार बोचू लागलं. ‘नदीचे कार्य’ हा धडा दरवर्षी यायचा. नागमोडी वळण, वळणाच्या बाहेरच्या काठाची झीज, आतल्या काठावर गाळाचं संचयन, पूरमैदान. मुलं वहीत सुबक आकृती काढायची, निळ्या पेन्सिलीनं नदी रंगवायची, बाणानं दिशा दाखवायची. हे सगळं करणारी खरी नदी शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर होती आणि तिचं वळण वर्गातल्या एकाही मुलानं पाहिलेलं नव्हतं. एकदा मी त्यांना आयर्विन पुलावर घेऊन गेले. पुलावरून पाणी दिसतं, घाट दिसतो, पलीकडची सांगलवाडी दिसते. वळण दिसत नाही. त्यासाठी उंच जावं लागतं.

म्हणून मी एका उंच इमारतीच्या सोसायटीला अर्ज केला. चाळीस मुलं, दोन शिक्षक, अर्धा तास. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या सोसायटीनं वेगळं उत्तर दिलं असतं असं मला वाटत नाही. चेअरमन सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चहा दिला. मुलं घाण करतील, लिफ्ट बिघडेल, कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी निघताना मात्र ते म्हणाले, “बाई, तुमचं काम चांगलंच आहे हो. पण एकदा उघडली की रोज उघडावी लागेल.”

ते वाक्य मी विसरले नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात, ते बोलल्यावर किती वर्षांनी, ते मला लंडनमध्ये आठवलं.

लेक तिथं असते. एका सोमवारी सकाळी ती चहा पिता पिता फोनवर काहीतरी खटपट करत होती. म्हणाली, “आई, मिळालं बघ, पुढच्या आठवड्यातलं!” स्काय गार्डनचं तिकीट. तिकीट म्हणजे नुसती वेळेची नोंद, पैसे शून्य. दर सोमवारी पुढच्या दिवसांची तिकिटं खुली होतात आणि चांगल्या वेळा पटापट संपतात. फेनचर्च स्ट्रीटवर २० नंबरची इमारत आहे, लोक तिला वॉकी-टॉकी म्हणतात, कारण ती खाली बारीक आणि वर रुंद होत गेलेली आहे. उंची १६० मीटर. तिच्या अगदी माथ्यावर, ३५व्या मजल्यापासून वरच्या तीन मजल्यांत, काचेच्या घुमटाखाली ही बाग आहे. जानेवारी २०१५ मध्ये ती लोकांसाठी उघडली.

खाली विमानतळासारखी तपासणी होते. पर्स मशीनमधून गेली, ह्यांचा पट्टा काढायला लावला. मग लिफ्ट. कानाला दडे बसतात न बसतात तोच दार उघडलं आणि समोर नुसता उजेड. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले वाफे, त्यांत झाडासारखे उंच नेचे, रोझमेरी, लव्हेंडर, आणि आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाशी लावतात तो बर्ड ऑफ पॅराडाईज. परदेशात इतक्या उंचावर ओळखीचं झाड दिसलं तर किती बरं वाटतं! दक्षिणेच्या बाजूला उघडा सज्जा आहे. तिथं गेलो. खाली थेम्स. समोर नदीपलीकडे शार्ड या उंच इमारतीचा सुळका, डावीकडे टॉवर ब्रिज, उजवीकडे सेंट पॉलचा घुमट. आणि अगदी पायाशी, इमारतींच्या दाटीत, एक दगडी खांब. लेकीनं सांगितलं, ते मॉन्युमेंट. १६६६च्या मोठ्या आगीची आठवण म्हणून १६७७ साली बांधून पूर्ण केलेला, २०२ फूट उंच. ३११ पायऱ्या चढून माथ्यावर जाता येतं. एके काळी लंडनकरांना आपलं शहर वरून बघायचं तर तो खांब चढावा लागायचा. त्याला आजही तिकीट आहे. ह्यांच्या गुडघ्यांना ३११ पायऱ्या जमल्याच नसत्या.

आमच्या शेजारी एक बाई व्हीलचेअरवर होत्या, आमच्याहून म्हाताऱ्या. त्यांचा नातू असावा, तो त्यांना बोटानं काहीतरी दाखवत होता आणि त्या मान हलवत होत्या, नाही, अजून उजवीकडे. मग एकदम त्यांचा हात वर गेला. सापडलं होतं. काय सापडलं ते मला कळलं नाही, विचारलंही नाही. पण मला शेवग्याचं झाड आठवलं.

दोन दिवसांनी त्याच रस्त्यावर, १२० नंबरच्या इमारतीवर गेलो. तिथली बाग २०१९ साली उघडली. ही मला पहिलीपेक्षा जास्त आवडली. इथं आगाऊ नोंदणी लागत नाही. खाली रांगेत उभं राहायचं, पिशवी दाखवायची, वर जायचं. पंधरा मजल्यांवर उघडं आकाश, वर काच नाही. मांडवावर विस्टेरियाचे वेल चढवलेले, मध्ये पाण्याचा उथळ पाट, बाकं. दुपारची वेळ होती. आसपासच्या ऑफिसातली माणसं डबे उघडून जेवत बसली होती. एका बाकावर दोन मजूर होते, अंगात पिवळी जाकिटं, हेल्मेट बाजूला ठेवलेली. कुणी त्यांना उठवलं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही.

त्याच दिवशी रात्री मी जावयांना विचारलं, एवढ्या महागड्या जागेतल्या इमारतीचा मालक सगळ्यांत वरची जागा फुकट का देतो? धर्मादाय आहे का? ते म्हणाले, “धर्मादाय नाही, आई. परवानगीची अट आहे.” मग आम्ही बसून वाचलं. तिथल्या १९९०च्या नियोजन कायद्यात कलम १०६ आहे. बांधकामाची परवानगी देताना शहराला त्या बदल्यात काय मिळणार हे त्या कलमाखाली करारात लिहून घेतात आणि तो करार इमारतीच्या जागेला चिकटतो, मालक बदलला तरी सुटत नाही. वॉकी-टॉकीची जागा उंच इमारतींच्या मूळ घोळक्यापासून बाजूला, नदीच्या जवळ होती. विरोध झाला, सरकारी चौकशी बसली. माथ्यावरची बाग लोकांसाठी खुली ठेवायची हमी ही परवानगीच्या बाजूनं मांडलेली मोठी गोष्ट होती. म्हणजे तुम्ही शहराचं आकाश घेताय, तर आकाशातली थोडी जागा शहराला द्या, असा तो व्यवहार.

हा व्यवहार तिथं सरळसोट पार पडला असं म्हणणार नाही. बाग उघडल्यावर बऱ्याच जणांनी तक्रार केली की आधी चित्रांत दाखवली होती तशी ती नाही, नोंदणी आणि तपासणी असलेल्या जागेला सार्वजनिक कसं म्हणायचं. त्याच इमारतीच्या वक्र काचांनी २०१३ साली ऊन एकवटून खाली उभ्या असलेल्या एका मोटारीचे भाग वितळवले होते, आणि २०१५ मध्ये तिला देशातल्या सर्वांत वाईट नव्या इमारतीचा ‘मान’ मिळाला. मलाही ती बाहेरून सुंदर वाटली नाही. पण त्या चुकांतून शहर शिकलं. त्यानंतरच्या १२० नंबरच्या बागेत नोंदणीची कटकट काढून टाकली. सप्टेंबर २०२३ मध्ये २२ बिशप्सगेट या इमारतीच्या ५८व्या मजल्यावर आणखी एक सज्जा उघडला, तोही फुकट. आमचे चेअरमन म्हणाले होते तेच झालं, एकदा उघडली आणि रोज उघडावी लागली. तिथं ते भीतीचं कारण ठरलं नाही, रिवाज झाला.

आता आपल्याकडे येते.

आपल्याकडेही उंची फुकट मिळत नाही. २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं जास्त बांधकामाचा हक्क, घेता येतो. म्हणजे वरचे मजले शहर विकतं आणि त्याचे पैसे घेतं. पैसे घ्यावेत, रस्ते-गटारांना ते लागतातच. माझं म्हणणं इतकंच, की पैशाबरोबर किंवा त्यातल्या थोड्या पैशाऐवजी गच्चीवरचा एक तुकडा आणि दिवसातले काही तास मागून घ्या. ‘प्रोत्साहन’ हा शब्द नियमावलीच्या नावातच आहे. जो बिल्डर खालच्या रस्त्यापासून थेट गच्चीपर्यंत वेगळी लिफ्ट किंवा वेगळा जिना देईल, त्याला प्रीमियममध्ये सूट द्या. ही तरतूद कुठल्या कलमात आणि कशी बसवायची ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

वेगळा जिना हा मुद्दा मी मुद्दाम धरते. राहत्या इमारतीतल्या लोकांच्या दारासमोरून अनोळखी माणसं येत-जात राहिली तर ते चिडणारच, आणि बरोबरच आहे. लंडनमध्येच टेट मॉडर्न या कलादालनानं २०१६ साली नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चहूबाजूंनी फिरता येईल असा सज्जा लोकांसाठी खुला केला. समोर काचेच्या भिंतींचे फ्लॅट होते. लोक शहर बघायचं सोडून त्यांच्या दिवाणखान्यातली माणसं बघू लागले, फोटो काढू लागले. फ्लॅटवाले कोर्टात गेले, दोनदा हरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी जिंकले. मी त्या फ्लॅटवाल्यांच्या बाजूची आहे. कुणाच्या स्वयंपाकघरात डोकवायचा हक्क मला नको आहे. म्हणून जागा निवडताना शेजारची घरं कुठल्या बाजूला आहेत ते बघा, त्या बाजूला उंच जाळी किंवा मधुमालतीचा दाट वेल चढवा, आणि नदीची बाजू मोकळी ठेवा. सुरुवात दुकानं, ऑफिसं, हॉटेलं असलेल्या इमारतींपासून करा. तिथं कुणाचं न्हाणीघर नसतं. सरकारी आणि निमसरकारी इमारती तर सगळ्यांत आधी.

गच्ची गळते ही आपल्याकडची मोठी भीती. खरी आहे. मी स्वतः आमच्या गच्चीचा कोबा दोनदा उकरून घेतला आहे, प्रत्येक वेळी कारागीर म्हणाला आता पंधरा वर्षं बघायला नको, आणि चौथ्या पावसाळ्यात आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बुरशीचा डाग. म्हणून बाग म्हणजे वाफे, माती, हिरवळ असं काही मी मागत नाही. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या पुढे जाते, ती जुन्या स्लॅबवर घालायची म्हणजे आफत. कडेच्या तुळयांवर, स्लॅबला भार येणार नाही अशा ठेवलेल्या मोठ्या कुंड्या, त्यांत कोरफड, गवती चहा, सदाफुली, असं पाणी कमी लागणारं काहीही. वर थोडी सावली, कारण एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. छातीइतका उंच कठडा, त्यावर जाळी. पिण्याच्या पाण्याचा एक माठ. बाक चार. आणि एक पाटी, तिच्यावर दिशा आणि कुठल्या दिशेला काय दिसतं ते लिहिलेलं. ही पाटी मी स्वतः करून देईन, प्रत्येक गच्चीला वेगळी.

एक गोष्ट मात्र लंडनहून शिकायची गरज नाही. ती आपल्याला आपल्याच नदीनं शिकवली आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, “आयर्विनला किती?” १९२९ साली बांधलेल्या त्या पुलाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७च्या वर गेली. आमची इमारत तीन मजल्यांची. तळमजला गेला, जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी आलं, आणि आम्ही सगळी बिऱ्हाडं गच्चीवर. एका शेगडीवर सगळ्यांची खिचडी. पावसाला उसंत नव्हती. ताडपत्री धरून बसलो होतो.

आमच्या बोळाच्या तोंडाशी एक उंच इमारत आहे. बैठ्या घरांतली माणसं रात्री तिच्या जिन्यात शिरली. आमच्या गच्चीवरून मला जिन्याची जाळी दिसत होती. प्रत्येक मजल्यावर बॅटऱ्यांचा उजेड, वरवर सरकत गेलेला, आणि सगळ्यांत वर येऊन थांबलेला. गच्चीचं दार कुलूपबंद होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते परगावी होते. साठेक माणसं रात्रभर जिन्यात बसली, त्यांत आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एक आजी होत्या. त्यांच्याजवळ एक प्लास्टिकची पिशवी होती, आत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि नवऱ्याचा फोटो. पिशवी त्यांनी डोक्यावर धरली होती, छताखाली बसूनसुद्धा. सकाळी कुणीतरी पहारीनं कोयंडा उचकटला. मग माणसं वर आली, तेव्हा कुठं बोटवाल्यांना हात करता आला.

त्या चार दिवसांत गच्चीवरून मी जे पाहिलं, ते मला एकतीस वर्षं फळ्यावर काढता आलं नव्हतं. आम्ही सगळे घाटाकडे डोळे लावून बसलो होतो आणि पाणी नाल्याच्या अंगानं मागून सखल भागात कधीच शिरलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत पाणी आधी का येतं, ते वरून एका नजरेत कळत होतं. नदीची जुनी जागाच ती. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, तिलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबून मागे फुगतं. हे मी शेकडो मुलांना तोंडानं सांगितलं आहे. त्यांतल्या एकाला जरी लहानपणी उंचावरून ते दिसलं असतं, तर मोठेपणी घर घेताना त्यानं प्लॉटच्या दराबरोबर जमिनीचा उतारही पाहिला असता, असं मला फार वाटतं. २००५ला पूर आला, २०१९ला आला, २०२१ला पुन्हा आला. पूररेषा कागदावर असते. ती डोळ्यांना दिसायला हवी.

म्हणून सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना वेगळं मागणं. रोज गच्ची उघडणं जमत नसेल तर नका उघडू. पण गच्चीच्या किल्लीची एक प्रत वॉचमनकडे आणि एक शेजारच्या गल्लीतल्या कुणा भरवशाच्या माणसाकडे, आयर्विनला ४० फूट व्हायच्या आधी पोचती करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, खर्च वीस-पंचवीस रुपये.

या एप्रिलमध्ये एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गेले होते. अकरा मजली नवी इमारत. जेवणं झाल्यावर वॉचमनला विनंती केली, त्याचा मुलगा सहावीत आहे हे बोलण्यातून कळलं होतं. त्यानं किल्ली आणली. “मॅडम, पाच मिनिटं हं.” जिन्यात रंगाचे डबे पडलेले, दार ढकललं तर चरचरलं. वर पाण्याच्या टाक्या, सोलरची नळकांडी, लिफ्टची खोली, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी कुरडया वाळत घातलेल्या.

आणि कठड्यापलीकडे कृष्णा. उन्हाळ्यातली, बारीक, हिरवट. वरून येताना सरळ येते, मग अंग मोडून वळते. वळणाच्या बाहेरचा काठ कापल्यासारखा उभा, आतल्या काठाला गाळाची फिकी पट्टी, तिच्यामागे सांगलवाडीचा ऊस. आयर्विनच्या कमानी मोजता येत होत्या. घाटावरची झाडं, गणपतीच्या देवळाचं शिखर, त्याच्या अलीकडे आमचा गावभाग, इतका लहान की तळहातात मावेल. लग्न होऊन आल्यापासून ज्या गावात राहते ते गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा सबंध पाहिलं. वहीतली आकृती तंतोतंत बरोबर होती. मी वॉचमनला दाखवलं, हे बघ, इथं नदी काठ खाते आणि इथं गाळ टाकते. तो कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिला. या गच्चीवर तो रोज टाकीचं पाणी बघायला येतो. म्हणाला, “पोराला आणतो उद्या.”

त्या गच्चीची टाक्यांपासून नदीच्या कठड्यापर्यंतची मोकळी जागा मी पावलांनी मोजून आले. लांबी चौतीस पावलं, रुंदी एकोणीस. चाळीस मुलं दोन रांगांत आरामात उभी राहतात, मागच्या रांगेला विटांची एक पायरी केली तर सगळ्यांना दिसतं. कठडा माझ्या खांद्याला लागतो, म्हणजे सहावी-सातवीच्या मुलांना धोका नाही. ऊन उतरल्यावर, साडेपाचच्या सुमाराला, वळण सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. नदी चढायला लागायच्या आत, म्हणजे शाळेच्या पहिल्या पंधरवड्यात, एक संध्याकाळ द्या. इमारत तुम्ही ठरवा, तारीख तुम्ही कळवा. शाळेची परवानगी, पालकांच्या सह्या, दोन शिक्षक आणि मुलांच्या हातातल्या कोऱ्या वह्या ही जबाबदारी माझी. लिफ्टवर भार नको असेल तर आम्ही जिन्यानं चढू. वर पोचल्यावर मी त्यांना एवढंच सांगणार आहे की आधी पूल शोधा, मग देऊळ, मग आपलं घर.

आपली नम्र,
गावभागातली एक निवृत्त भूगोल शिक्षिका
सांगली